वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची पश्चिम, तेथील फुकट जमीन आणि तिचे आधीचे धनी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा पश्चिमेकडे जो विस्तार झाला, त्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी निवडले आहेत. काही उत्तरे मोठी झाली आहेत. विषयाची गरज पाहून ती तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : अमेरिकन सरकारने १८६२ च्या कायद्याने मागेल त्याला १६० एकर जमीन फुकट दिली, असे वाचले. हे खरे असेल, तर पुष्कळ कुटुंबे ती जमीन अर्ध्यावर सोडून का निघून गेली?

उत्तर : अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. अशा कायद्याची मागणी बरीच जुनी होती. परंतु पश्चिमेत स्वतंत्र लहान शेतकऱ्यांची वस्ती वाढली, तर गुलामगिरीला तेथे जागा उरणार नाही, या भीतीने दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी तिला विरोध करीत आले होते. १८६० मध्ये मंजूर झालेले विधेयक अध्यक्ष बुकॅनन यांनी नाकारले. पुढे दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, उरले नाहीत आणि मगच हा कायदा होऊ शकला.

अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा एकवीस वर्षे पूर्ण केलेला असावा, नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने रीतसर जाहीर केलेला असावा आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशा अटी होत्या. जमिनीला किंमत नव्हती, मात्र नोंदणीपासून सनद हाती येईपर्यंत एकूण सुमारे १८ डॉलर शुल्क पडे. जमिनीवर घर बांधून, ती कसून, तेथे पाच वर्षे राहावे लागे आणि शेवटी दोन साक्षीदारांनी तसे शपथेवर सांगावे लागे. हे साक्षीदार बहुधा शेजारीच असत. ज्याला पाच वर्षे थांबायचे नसेल, त्याला सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर एकरी सव्वा डॉलर भरून मालकी घेता येत असे. या सवलतीचा गैरफायदा पुष्कळांनी घेतला. गुरांच्या मोठ्या कळपांचे मालक आणि लाकूड कंपन्या आपल्या नोकरांच्या नावे अर्ज भरून घेत. ‘बारा बाय चौदा’चे घर बांधल्याची शपथ घेतली जाई आणि ते माप फुटांचे नसून इंचांचे असे, अशा हकीकतीही सांगितल्या जातात.

जमीन फुकट असली, तरी शेती फुकट होत नव्हती. बैलजोडी, नांगर, बियाणे, विहीर, कुंपण आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे खाणे यांसाठी काही शे डॉलर गाठीशी असावे लागत. शहरातल्या मजुराजवळ एवढी पुंजी नसे. म्हणून पूर्वेकडील गिरण्यांतले गरीब लोक या कायद्याने शेतकरी झाले, ही समजूत फारशी टिकत नाही. जे गेले, त्यांच्यातले बहुतेक आधीपासून शेतकरीच होते. कोणी शेजारच्या राज्यातून आले, तर कोणी जर्मनी, स्वीडन, नॉर्वे अशा देशांतून.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो कोरड्या हवेचा. डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस आणि टेक्सास यांमधून जाणाऱ्या शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास पावसाचे वार्षिक प्रमाण वीस इंचांच्या खाली येऊ लागते. ओहायो किंवा इलिनॉयमध्ये १६० एकरांवर एक कुटुंब सुखाने जगू शके. या रेषेच्या पश्चिमेला तेवढ्याच जमिनीवर पाटाच्या पाण्याशिवाय भरवशाचे पीक येत नव्हते आणि गुरे चारायला ती अगदीच अपुरी होती. कोलोरॅडो नदीच्या प्रचंड दऱ्यांमधून १८६९ मध्ये होड्या नेणारे भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात हे स्पष्ट मांडले होते. ओलिताच्या शेतीला ८० एकर पुरतील, परंतु चराऊ शेतीला २,५६० एकर हवेत आणि जमिनीची वाटणी पाणी पाहून व्हावी, असा त्यांचा सल्ला होता. काँग्रेसने तो स्वीकारला नाही. उलट, जमीन नांगरली की पाऊस आपोआप वाढतो, असा सिद्धांत त्या काळी मोठ्या विश्वासाने सांगितला जात होता आणि १८८० च्या दशकातील काही ओल्या वर्षांमुळे तो लोकांना खराही वाटला. त्या सिद्धांतावर विसंबून पश्चिम कॅन्ससमध्ये गेलेल्यांची संख्या मोठी होती. त्या दशकाच्या अखेरीस आणि १८९० नंतर दुष्काळ पडले, तेव्हा तेथील वस्ती झपाट्याने ओसरली. जाणकाराचा इशारा समोर असताना हजारो कुटुंबांना अशा जमिनीवर पाठवणे, ही या कायद्याच्या अंमलबजावणीतली सर्वांत मोठी चूक होती, असे मला वाटते.

दुष्काळाखेरीज इतर संकटेही होती. १८७४ च्या उन्हाळ्यात डाकोटापासून टेक्सासपर्यंत टोळधाड आली. तिने उभी पिके तर खाल्लीच, शिवाय अवजारांच्या लाकडी दांड्याही कुरतडल्या. मैदानात झाडे नसल्याने घरे गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या लाद्या कापून रचावी लागत. जाड भिंतींमुळे अशी घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहत, पण पावसात छत गळे आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चिखलाचे पाणी ठिबकत राही. सरपण मिळत नसे, म्हणून बायसनचे, म्हणजे तेथील रानबैलांचे, आणि पुढे गुरांचे वाळलेले शेण जाळत किंवा गवताचे पीळ चुलीत घालत. एवढे सोसूनही या कायद्याखाली अखेरपर्यंत सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीचा सुमारे दहावा भाग, खासगी मालकीचा झाला.

प्रश्न : विमानातून पाहिले असता मध्य अमेरिकेतील शेते आणि रस्ते पटावरच्या चौकोनांसारखे दिसतात. हे कसे घडले?

उत्तर : याचे मूळ १७८५ च्या भूमी अध्यादेशात आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर नव्या सरकारवर मोठे कर्ज होते आणि विकण्याजोगी एकच मालमत्ता त्याच्याजवळ होती, ती म्हणजे ॲपलाचियन पर्वताच्या पश्चिमेची जमीन. ती विकायची, तर तिचे माप आणि ओळख निर्विवाद हवी. म्हणून सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौरस आखायचे, त्या प्रत्येकाचे एक चौरस मैलाचे ३६ खंड पाडायचे आणि एकेका खंडात ६४० एकर, अशी पद्धत ठरली. त्या खंडाचा चौथा हिस्सा म्हणजे होमस्टेड कायद्यातले १६० एकर. सोळा क्रमांकाचा खंड शाळेसाठी राखून ठेवलेला असे.

पूर्व ओहायोत, पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेपासून मोजणी सुरू झाली. मोजणीदार ६६ फुटांची लोखंडी साखळी ओढीत चालत. ऐंशी साखळ्यांचा एक मैल होई. कोपऱ्यावर खुंट, दगड किंवा मातीचा ढिगारा आणि जवळपास झाड असल्यास त्याच्या बुंध्यावर खूण करीत. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून ठरावीक अंतरावर नवी आधाररेषा धरून चूक काढून टाकावी लागे. आजही सरळ जाणारा ग्रामीण रस्ता काही ठिकाणी अचानक काटकोनात वळून पुन्हा सरळ होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

या आखणीमुळे जमिनीच्या हद्दीचे तंटे पुष्कळ कमी झाले आणि न पाहिलेली जमीनही दूरच्या शहरात बसून विकत घेता येऊ लागली. मात्र चौकोन आखताना ओढा कोठून वाहतो, हे पाहिले जात नव्हते. एकाच्या वाट्याला सगळा ओढा येई आणि शेजाऱ्याच्या वाट्याला एक थेंबही येत नसे. प्रत्येकाने आपल्याच चौकोनात राहण्याची अट असल्यामुळे दाट वस्तीची गावेही बसली नाहीत. घर घरापासून अर्धा मैल दूर राहिले, आणि डाकोटाच्या हिवाळ्यात हे अंतर फार मोठे असे.

प्रश्न : ओरेगॉनकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तांड्यांवर मूळ रहिवाशांचे हल्ले होत असल्याचे चित्रपटांत दिसते. प्रवासातला मुख्य धोका हाच होता का?

उत्तर : नाही. मिसूरीतील इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनपर्यंतचा सुमारे २,००० मैलांचा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. १८४३ मध्ये जवळजवळ हजार लोकांचा मोठा तांडा गेला आणि तेथून ही वाट रुळली. १८४० ते १८६० या वीस वर्षांत स्थलांतरित आणि मूळ रहिवासी यांच्यातील चकमकींचा जो हिशेब अभ्यासकांनी जुळवला आहे, त्यानुसार सुमारे ३६० स्थलांतरित मारले गेले आणि स्थलांतरितांच्या हातून मारले गेलेले मूळ रहिवासी चारशेहून अधिक होते. याच काळात या वाटांवरून लाखो लोक गेले, हे लक्षात घेतले म्हणजे चित्रपटांतले दृश्य किती अपवादात्मक होते, ते कळते. बहुतेक भेटी देवघेवीच्याच असत. नदी ओलांडून देणे, वाट दाखवणे, मासे किंवा घोडे विकणे ही कामे स्थानिक जमातींचे लोक करीत आणि त्यांच्या मदतीवाचून अनेक तांडे पोहोचलेच नसते.

खरा मारेकरी पटकी हा रोग होता. विशेषतः १८४९ ते १८५२ या वर्षांत प्लॅट नदीच्या काठच्या मुक्कामांवर तो फैलावला. आधीच्या तांड्याने दूषित केलेले पाणीच मागचे लोक पीत होते आणि रोग पाण्यातून पसरतो, याची त्यांना कल्पना नव्हती. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी वाटेवर पुरला जाई. त्याखालोखाल नदीत बुडणे, गाडीच्या चाकाखाली येणे आणि आपल्याच बंदुकीची गोळी चुकून लागणे ही मृत्यूची कारणे होती. गाडी सामानाने भरलेली असल्याने बहुतेक माणसे, लहान मुलेसुद्धा, चालतच जात. गाडीला घोड्यांऐवजी बैल जुंपणे अनेकांना पसंत असे. ते हळू चालत, पण स्वस्त पडत आणि वाटेतल्या गवतावर निभावून नेत.

प्रश्न : मूळ रहिवाशांची जमीन सरकारने कराराने घेतली, असे काही ठिकाणी लिहिलेले असते, तर ती बळकावली, असे इतरत्र म्हटलेले असते. यांपैकी खरे काय?

उत्तर : करार झाले हे खरे आणि जमीन बळकावली हेही खरे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदल्या, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण जॉर्जियातील चेरोकी लोकांचे. १८२० च्या दशकात या राष्ट्राजवळ सिक्वोया यांनी तयार केलेली स्वतःची लिपी होती, १८२७ ची लिखित राज्यघटना होती आणि १८२८ पासून चालणारे ‘चेरोकी फिनिक्स’ नावाचे द्विभाषिक वृत्तपत्र होते. त्याच सुमारास त्यांच्या प्रदेशात सोने सापडले. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा करून घेतला आणि १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन आपल्या गोऱ्या नागरिकांत सोडत काढून वाटली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, जॉर्जियाचे कायदे चेरोकी प्रदेशात चालत नाहीत, असा निकाल दिला. परंतु तो अमलात आणला गेला नाही. १८३५ मध्ये न्यू एकोटा येथे एका छोट्या गटाने करारावर सह्या केल्या. त्या गटाला चेरोकी राष्ट्राच्या शासनाने अधिकार दिलेला नव्हता आणि प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो सह्यांचे निवेदन पाठवून त्या कराराला हरकत घेतली होती. तरीही सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, आवश्यक बहुमतापेक्षा एकाच मताच्या आधिक्याने तो मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्याने सुमारे १६,००० माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि पश्चिमेकडे नेले. छावण्यांत आणि वाटेवर मिळून जवळजवळ ४,००० माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. ज्या लोकांनी न्यायालयाचा मार्ग धरला आणि तेथे खटला जिंकला, त्यांच्याच वाट्याला हे आले. या इतिहासातले हे पान मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

दुसरे उदाहरण लकोटा लोकांचे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने आजच्या साउथ डाकोटाचा मिसूरी नदीच्या पश्चिमेचा सर्व भाग, ब्लॅक हिल्स या डोंगरांसह, त्यांना राखून देण्यात आला. यापुढे जमीन सोडायची झाल्यास प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्या लागतील, असे कलम त्यात होते. १८७४ मध्ये सेनाधिकारी जॉर्ज कस्टर यांच्या लष्करी मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली आणि खाणकाऱ्यांची रीघ लागली. त्यांना रोखण्याची जबाबदारी सरकारची होती. सरकारने आधी ती जमीन विकत मागितली आणि नकार मिळाल्यावर लकोटांवरच सैन्य पाठवले. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर आणि त्यांची तुकडी मारली गेली. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स काढून घेतले. तीन चतुर्थांश सह्या गोळा झाल्या नव्हत्या, त्यांच्या जवळपासही संख्या गेली नव्हती. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन अशी काढून घेणे बेकायदा ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. लकोटांनी ती स्वीकारलेली नाही. त्यांची मागणी जमिनीची आहे.

लढाई आणि करार यांच्याइतकेच परिणामकारक ठरले ते वाटपाचे धोरण. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीच्या सामाईक जमिनीचे तुकडे करून कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायचे आणि उरलेली जमीन ‘जास्तीची’ म्हणून वसाहतकऱ्यांना खुली करायची, असे ठरले. मूळ रहिवाशांना शेतकरी आणि नागरिक बनवणे हा हेतू सांगितला गेला. काही पुरस्कर्ते तो मनापासून मानतही होते. परिणाम असा झाला की, १८८७ मध्ये जमातींकडे असलेली सुमारे १३.८ कोटी एकर जमीन १९३४ पर्यंत ४.८ कोटी एकरांवर आली. पश्चिमेतली जमीन रिकामी होती म्हणून वाटली गेली, असे नाही. वाटता यावी म्हणून ती रिकामी करण्यात आली, आणि पहिल्या उत्तरातल्या १६० एकरांचा विचार करताना हे विसरता येत नाही.

प्रश्न : स्त्रियांना, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आणि रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांना ही जमीन मिळू शकत होती का?

उत्तर : अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला होमस्टेडसाठी अर्ज करता येत असे आणि अनेकींनी तो केला. विवाहित स्त्रीला मात्र ती स्वतः कुटुंबप्रमुख असल्याखेरीज हा हक्क नव्हता. ओरेगॉनमध्ये १८५० च्या वेगळ्या कायद्याने विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळत आणि त्यांतले निम्मे पत्नीच्या स्वतःच्या नावावर होत. त्या काळासाठी ही मोठी गोष्ट होती, परंतु त्याच कायद्याने कृष्णवर्णीयांना वगळले होते.

होमस्टेड कायद्यात वर्णाची अट नव्हती. केंटकीतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये कॅन्ससमध्ये निकोडेमस हे गाव वसवले. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोल्यांत काढला. १८७९ मध्ये दक्षिणेतील दहशतीला कंटाळून हजारो लोक कॅन्ससकडे निघाले. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ शेती उभी करण्याइतके भांडवल नव्हते, त्यामुळे अनेकांना मजुरीच करावी लागली.

चिनी मजुरांची स्थिती सर्वांत वाईट होती. १० मे १८६९ रोजी युटातील प्रोमोंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेल्या दोन रेल्वेंचे रूळ जोडले गेले, त्यांतल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मार्ग सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून काढणारे कामगार बहुतांशी चिनी होते. कायद्याने त्यांना नागरिकत्वच मिळू शकत नव्हते, म्हणून होमस्टेडचा हक्कही नव्हता, आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यासच बंदी झाली. रेल्वे कंपन्यांना मात्र सरकारने एकूण सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. ती मार्गाच्या दोन्ही बाजूंस एक सोडून एक चौकोन अशी असे. स्थानकाजवळची सोयीची जमीन हवी असलेल्या वसाहतकऱ्याला ती बहुधा कंपनीकडूनच पैसे मोजून घ्यावी लागे.

प्रश्न : १८९० मध्ये सीमाप्रदेश संपला, असे पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतर जमीनवाटप थांबले का?

उत्तर : थांबले नाही. १८९० च्या जनगणनेनंतर जनगणना खात्याने एवढेच म्हटले होते की, वस्तीचा प्रदेश आणि विरळ प्रदेश यांना विभागणारी सलग रेषा आता नकाशावर काढता येत नाही. इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील निबंधात या वाक्याचा आधार घेऊन अमेरिकन इतिहासाचे एक पर्व संपल्याचे मांडले आणि तेव्हापासून हे वर्ष पाठ्यपुस्तकांत रुजले. प्रत्यक्षात होमस्टेड कायद्याखाली १९०० पूर्वी जेवढी जमीन दिली गेली, त्याहून अधिक जमीन १९०० नंतर दिली गेली. १९०९ मध्ये कोरडवाहू भागासाठी ३२० एकरांची आणि १९१६ मध्ये चराऊ भागासाठी ६४० एकरांची तरतूद झाली. पॉवेल यांनी चराईसाठी सुचवलेल्या क्षेत्राचा हा जेमतेम चौथा हिस्सा होता, आणि तोही त्यांच्या अहवालानंतर ३८ वर्षांनी मिळाला. १९७६ मध्ये हा कायदा रद्द झाला, तेव्हाही अलास्काला दहा वर्षांची मुदत देण्यात आली आणि तेथील ८० एकरांची शेवटची सनद १९८८ मध्ये निघाली.